हळद, गुळवेल, तांब्याचं पाणी आणि इम्युनोथेरपी: सोबत काय चालतं, काय अंगाशी येतं

खाडीकाठ (धागालेखक)

ठाणे-नवी मुंबईच्या पेशंट-नातेवाइकांच्या गटांवर सध्या तीन फॉरवर्ड फिरतायत. 'खारघरला शंभर रुपयांची गोळी निघाली', 'एका इंजेक्शनात कॅन्सर गायब' आणि 'लक्ष्मणफळ केमोच्या दहा हजार पट'. यातली पहिली दोन खरी आहेत, पण शेपूट कापून आलेली. तिसरीबद्दल खाली कोणीतरी लिहीलच. माहितगारांनी मात्रा, दिवस, मिलिग्रॅमसकट लिहा. 'आमच्या आत्याला फरक पडला' हे प्रतिसाद कृपया इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

गोळीपासून सुरू करतो. काम टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातलं, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमधलं, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं. त्यांची मांडणी अशी: पेशी मेली की तिच्यातल्या क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीचे) कण रक्तात सुटतात, शेजारच्या निरोगी पेशींत घुसतात आणि तिथल्या डीएनएला इजा करतात. केमो-रेडिएशनने गाठीतल्या पेशी मारल्या तरी हे कण मागे उरतात. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र आले की ऑक्सिजनचे रॅडिकल तयार होतात आणि ते या कणांचा चुरा करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत बातम्या आल्या त्या याच्याच. माणसांवरचे अभ्यास आहेत, पण छोटे. तोंडाच्या कर्करोगात आणि मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमात शस्त्रक्रियेआधी थोडे दिवस औषध देऊन काढलेल्या गाठीत काय बदललं ते पाहिलंय. रुग्ण जास्त जगतो का, हे अजून मोजलेलं नाही.

एका वेळची मात्रा रेझव्हेराट्रॉल ५.६ मिलिग्रॅम आणि तांबं ५६० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम, मिलिग्रॅमही नाही, मायक्रोग्रॅमही नाही. गटांवर मात्र ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगतायत.

---

सोनकी

एक हिशेब खटकतो. अभ्यासात तांबं रेझव्हेराट्रॉलच्या दहा-हजारांश आहे. ५०० मिलिग्रॅमच्या दहा-हजारांश म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे शे-दोनशे मायक्रोग्रॅम तांबं सहज उतरतं. म्हणजे पेलाभर पाण्यात वीस ते चाळीस. प्रमाण जवळपास जुळलं की!

---

मिलिग्रॅम

हिशेब बरोबर आहे सोनकीताई. प्रमाण जुळलं, मात्रा नव्वद पट झाली. आणि हे 'जास्त घेतलं तर जास्त गुण' असं प्रकरण नाही. मल्टिपल मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाच्या) रुग्णांना रोज ५ ग्रॅम रेझव्हेराट्रॉल देऊन पाहिलं होतं, काहींना त्याच आजाराच्या बोर्टेझोमिब या औषधाबरोबर. २४ रुग्णांनंतर अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. मायलोमात मूत्रपिंड आधीच नाजूक असतं, हे खरं. पण केमोवरच्या किती रुग्णांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) धडधाकट असतं?

तांब्याच्या भांड्याबद्दल एवढंच: साधं पाणी प्या. लिंबू पिळलेलं पाणी किंवा ताक त्यात ठेवू नका, आंबटाने तांबं भसाभसा उतरतं. पितळेला कल्हई उगाच करत नव्हते.

---

रानवेल

लक्ष्मणफळ. 'दहा हजार पट' हे वाक्य १९९० च्या दशकातल्या एका प्रयोगशाळेतल्या निकालातून उचललंय. बशीत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर या झाडातलं एक रसायन अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा तितक्या कमी तीव्रतेला काम करत होतं. बशीत. बशीला यकृत नसतं, मेंदू नसतो. याच कुळातलं अ‍ॅनोनासिन चेतापेशींना मारक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं नि पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, तो १९९९ मध्ये नोंदला गेला. एखादं फळ खाल्ल्याने काही होत नाही. रोज पानं उकळून पिणं बंद करा.

आता गुळवेल. येऊरला फिरायला जाणारे कांडं तोडून आणतात, जांभळी नाक्याला जुडीही मिळते. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते, आतलं खोड हिरवं. तिची भावंडं आहेत, त्यातल्या टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठसठशीत पुटकुळ्या असतात. वाळलेल्या तुकड्यांत हा फरक ओळखणं कठीण, आणि चूर्णात तर नुसत्या नजरेने कोणीच ओळखू शकत नाही. पण बरोबर वेल आणली तरी प्रश्न मिटत नाही. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये छापली. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखं चित्र. आयुष मंत्रालयाने तेव्हा 'वेल नीट ओळखली का' असा आक्षेप घेतला. मग वेगवेगळ्या शहरांतले ४३ रुग्ण जमवून दुसरा लेख आला.

---

वैद्य कळवेकर

गुळवेलीवर एवढं लिहिलंत, तर दुसरी बाजूही यावी. गुडूची शेकडो वर्षं वापरात आहे आणि बहुतेकांना काही होत नाही. मात्र इम्युनोथेरपी चालू असलेला रुग्ण हा 'बहुतेकां'तला नाही, हे मला मान्य आहे. त्याच्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक औषधाने मुद्दाम काढलेला असतो. अशा वेळी 'इम्युनिटी वाढवणारं' म्हणून गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश हे तिन्ही एकदम सुरू करणं शास्त्रालाही धरून नाही. अश्वगंधेनेही यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

कळीचा मुद्दा वेगळाच आहे. इम्युनोथेरपीतच दहातल्या एखाद्याला यकृताची सूज येते. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ३०० आला आणि रुग्ण गुळवेलही घेत असला, तर दोष कोणाचा? ऑन्कॉलॉजिस्ट जोखीम घेत नाहीत, लागू पडत असलेलं औषध थांबवतात. गुळवेलीने यकृताला धक्काही लावला नसेल, पण उपचार हातचा गेला.

दुसरं, 'आयुर्वेदिक' या एका शब्दाखाली काढा आणि रसौषधी एकत्र बांधू नका. ज्यात पारा, गंधक, सोमल, ताम्रभस्म आहे ते केमोबरोबर स्वतःच्या मनाने मुळीच नको. डबीवर घटक, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर घेऊ नका. बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडणं नवं नाही. अशी पुडी इम्युनोथेरपीचं काम दाबते, आणि अचानक बंद केली तर बीपी कोसळतं.

---

सोनकी

मग निसर्गातलं काहीच कामाचं नाही का?

---

रानवेल

उलट, निम्मी केमो निसर्गातलीच आहे. कोपरीच्या कुठल्याही गॅलरीतली सदाफुली घ्या. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन तिचीच. पण शेकडो किलो वाळल्या पाल्यातून हाती ग्रॅमच्या हिशेबात औषध येतं, आणि व्हिन्क्रिस्टिन माणसाला एका वेळी द्यायचं असतं जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. तेही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस वाचत नाही, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाइन पिशवीतून देण्याचा आग्रह असतो. रोज सकाळी पाच फुलं चावणाऱ्याला औषधाची मात्रा मिळत नाही, बाकीचे अल्कलॉइड मात्र मिळतात.

माझं आवडतं उदाहरण नरक्याचं. सह्याद्रीतलं झाड, खोड कापलं की घाण वास, म्हणून नाव नरक्या. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे रसायन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं काढलं मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांनी. टॅक्सॉल या केमोच्या औषधाची रचनाही याच जोडीने १९७१ मध्ये छापली. कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं माणसांना दिलं तेव्हा लघवीच्या पिशवीतून रक्त येऊ लागलं आणि चाचण्या गुंडाळल्या. पुढे रेणूत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन आली, ती आजही वापरात आहेत. नरक्या मात्र ओरबाडून ओरबाडून दुर्मीळ झाला.

---

मिलिग्रॅम

हळदीचं राहिलं.

बाजारच्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या एका गाजलेल्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम करक्युमिन दिलं होतं. तेवढं हळदीतून घ्यायचं तर दिवसाला पाव किलोच्या वर हळद! आणि एवढं देऊनही रक्तात नाममात्रच उतरलं. तपासता आलेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत काही परिणाम दिसला.

रक्तात उतरत नाही म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपेरिन घालतात. २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं तर शोषण २० पट वाढतं, हा १९९८ चा निष्कर्ष सगळ्या डब्यांवर छापलेला असतो. ते कसं वाढतं हे छापत नाहीत. आतड्यात आणि यकृतात परकी रसायनं मोडणारी यंत्रणा असते, पायपेरिन तिला लगाम घालतं. तीच यंत्रणा एर्लोटिनिब ही कर्करोगाची गोळीही मोडते, डोसेटॅक्सेल ही केमोही मोडते. म्हणजे हळदीसाठी उघडलेल्या दारातून केमोही जास्त आत येऊ शकते. शिवाय शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्यांनी कावीळ झाल्याच्या नोंदी आता बऱ्याच आहेत.

भाजी-आमटीतली हळद बिनधास्त खा. चिमूट-दीड चिमूट दुधात घातली तरी हरकत नाही. कॅप्सूल, 'नॅनो', 'लायपोसोमल', 'विथ पायपेरिन' हे शब्द दिसले की डबी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका.

याच जातीची आणखी एक गोष्ट: बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टीचा अर्क नको. त्यातलं मुख्य द्रव्य औषधालाच चिकटतं आणि ते निकामी करतं. साधा दुधाचा चहा प्या, त्याने काही बिघडत नाही.

---

डे-केअर

'एका इंजेक्शनात गायब' ही बातमी डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची. २०२२, न्यू यॉर्क, गुदाशयाचा कर्करोग, सुरुवातीचे १२ पैकी १२ रुग्ण गाठमुक्त. एक इंजेक्शन नव्हे, तीन आठवड्यांनी एक, असे सहा महिने. आणि सगळ्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या शंभर रुग्णांत असे पाच-दहा. म्हणून पैसे जमवायच्या आधी बायोप्सीच्या ब्लॉकवर एमएमआर तपासणी मागा: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. चारही शाबूत असतील तर तो फॉरवर्ड तुमच्यासाठी नाही.

आपल्याकडची जास्त कामाची बातमी कमी मात्रेच्या निव्होलुमॅबची आहे, तेही इम्युनोथेरपीचंच औषध. टाटा मेमोरियलचाच अभ्यास, डोक्या-मानेचा पसरलेला कर्करोग, १५१ रुग्ण. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. इथे तीन आठवड्यांना फक्त २०, सोबत तोंडाने घ्यायच्या तीन गोळ्या (मेथोट्रेक्सेट आणि एर्लोटिनिब त्यातल्याच). वर्षभराने हयात असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्र हे बरं न होऊ शकणाऱ्या रुग्णांसाठी आहे. ज्याची गाठ शस्त्रक्रियेने निघते त्याने 'कमी खर्चातलं' म्हणून याच्या मागे लागू नये.

यात चुका कुठे होतात ते सांगते.

गोळ्यांतली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. अंगाच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ९ मिलिग्रॅमप्रमाणे हिशेब केला की बहुतेकांना २.५ च्या पाच-सहा गोळ्या एकाच दिवशी येतात. घरचे त्या रोज एक अशा वाटून देतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तोंड सोलवटून निघतं आणि पांढऱ्या पेशी तळाला जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकच वार लाल पेनाने गोल करा आणि बाकी गोळ्यांच्या डब्यात ही ठेवूच नका. दुखलं म्हणून मनाने ब्रुफेन नको, लघवीच्या संसर्गाला सेप्ट्रान नको. एर्लोटिनिब उपाशी पोटी. बिडी-सिगारेट चालू असेल तर एर्लोटिनिब रक्तात टिकत नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं.

---

मिलिग्रॅम

त्यात कुपीचं जोडतो. निव्होलुमॅबची छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची, ४ मिली. म्हणजे एका रुग्णाला २ मिली. यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, उरलेलं पुढच्या खेपेला ठेवायचं नसतं. म्हणून डे-केअरवाले दोन रुग्णांना एकच वार देतात आणि एक कुपी दोघांत वाटतात. आपली तारीख मनाने बदलली की दुसऱ्याचंही गणित बिघडतं.

वाशीहून ठाण्याला नेताना २ ते ८ अंश पाळायचे. लोक काळजीपोटी कुपी थेट गोठलेल्या जेलपॅकला चिकटवतात. गोठलं की प्रथिन बिघडतं, दिसायला स्वच्छ दिसलं तरी. पॅक आणि खोकं यांच्यामध्ये जाड टॉवेल, आणि कुपी हलवत-आदळत नेऊ नका.

---

डे-केअर

दुष्परिणामांवरही लिहिते, कारण फॅमिली डॉक्टरांकडे गाडी इथेच घसरते. केमोचे जुलाब आणि इम्युनोथेरपीचे जुलाब वेगळे. रोजच्यापेक्षा चार वेळा किंवा जास्त होत असेल, आव-रक्त असेल, तर तो आतड्यावरचा प्रतिकारशक्तीचा हल्ला धरून चालायचं. त्यावर कुटजारिष्ट, इसबगोल, लोपेरामाइड, मग अँटिबायोटिक असा आठवडा जातो आणि आतड्याला भोक पडायची वेळ येते. उपाय स्टेरॉइड, साधारण वजनाच्या किलोला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपासून, आणि उतरवायचा चार ते सहा आठवड्यांत. जुलाब थांबले म्हणून पाचव्या दिवशी बंद केला की परत उसळतो.

दुसरी फसगत म्हणजे थकवा. 'ट्रीटमेंटचा वीकनेस' म्हणून सोडून देतात. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम आणि सकाळचं कॉर्टिसोल बघा. पिट्युटरी (मेंदूखालची संप्रेरकांची ग्रंथी) बसली असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी. क्रम उलटला तर रुग्ण गंभीर होतो.

आणि हो, पर्समध्ये एक चिठ्ठी: 'इम्युनोथेरपी चालू आहे', औषधाचं नाव, शेवटची तारीख. औषध थांबल्यावरही काही महिने ती चिठ्ठी काढू नका.

---

खाडीकाठ

कार-टीबद्दल, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याच्या उपचाराबद्दल, कोणी लिहिणार का? त्यातलं नेक्सकार१९ आपल्या दारातलं औषध.

---

शिरोरेषा

लिहिते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं काम. जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकला पहिल्या रुग्णाला दिलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता. फक्त बी-पेशींच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी, तेही उलटलेल्या किंवा न बधलेल्या. स्तन, फुफ्फुस, तोंड यांच्या गाठींसाठी नाही, हे रोज कोणीतरी विचारतं. छापून आलेल्या चाचणीत ६४ रुग्ण, तपासता आलेल्यांपैकी ७३ टक्क्यांत प्रतिसाद.

रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) गाळून घेतात, त्यांत विषाणूच्या वाहनातून सीडी१९ (बी-पेशींवरची खूण) ओळखणारं जनुक घालतात, वाढवतात, तपासतात, परत देतात. त्याआधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, नव्या पेशींना जागा करून द्यायला. बिघडतं ते दोन ठिकाणी. पेशी गाळायच्या आधी बेंडामस्टिनसारखी केमोची औषधं भरपूर झाली असतील तर टी-पेशी दमलेल्या निघतात, वाढत नाहीत. म्हणून 'अजून एक केमो करून बघू' म्हणण्याआधी कार-टी केंद्राचं मत घ्या. दुसरं, पेशी तयार होईपर्यंतच्या आठवड्यांत आजार बळावतो.

पेशी दिल्यानंतर ३८ अंश ताप म्हणजे सायटोकाइनचा (प्रतिकारपेशींनी सोडलेल्या रसायनांचा) भडका धरतात, तो शमवायला टॉसिलिझुमॅब हे औषध तयार ठेवलेलं असतं. घरी आल्यावर ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, आधी फोन.

मेंदूवरचा परिणाम ओळखायला दहा गुणांची साधी परीक्षा असते. वर्ष, महिना, शहर, हॉस्पिटल यांचे चार गुण. तीन वस्तूंची नावं. एक आज्ञा पाळणं. शंभरपासून दहा-दहाने उलट. आणि एक वाक्य लिहिणं. वाक्य रोज तेच, त्याच वहीत: 'आज खारघरला पाऊस आहे.' पहिले दिवस अक्षरं रेषेला टांगल्यासारखी सरळ. मग एके सकाळी शिरोरेषा तुटक होते, काना-मात्रा गळतात, 'खारघर'चा 'घ' दोनदा येतो, ओळ खाली उतरते. रुग्ण बोलायला नीट असतो, नातेवाईक म्हणतात झोप झाली नाही. ते पान लगेच सिस्टरला दाखवायचं. परीक्षा रुग्णाच्या भाषेत घ्या. जन्मभर मराठीत मोजणाऱ्याला 'नाइंटी, एटी' विचारून गुण कापू नका.

गव्हांकुराचा रस या काळात पूर्ण बंद. मातीच्या ट्रेमधलं कच्चं गवत, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली. बुरशीला निमंत्रणच.

---

सोनकी

प्रोबायोटिक कॅप्सूल चालतात? आतड्यातल्या जंतूंवर इम्युनोथेरपी अवलंबून असते असं वाचलं.

---

मिलिग्रॅम

अवलंबून असते असं दिसतंय, पण कॅप्सूलला दुजोरा नाही. २०२१ च्या मेलेनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) अभ्यासात रोज २० ग्रॅम किंवा जास्त तंतू खाणाऱ्यांत आजार जास्त काळ थोपला. दुकानी प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही, उंदरांत तर उलटं झालं. प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्या म्हणजे १० ग्रॅम तंतू, वाटीभर मटकीची उसळ चार-पाच, एक मध्यम पेरू सात-आठ. झाले वीस. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, भाकरी म्हणजे औषध नव्हे. आतड्यात अडथळा असेल, कोलायटिस (आतड्याची सूज) चालू असेल, तोंड आलं असेल तर मऊ भातच.

---

खाडीकाठ

एकाला पनवेलजवळ 'हर्बल ट्रायल'साठी पैसे भरायला सांगितलेत. काय बघायचं?

---

शिरोरेषा

सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक विचारायचा. भारतात २००९ पासून चाचणीची नोंद सक्तीची आहे, क्रमांक संकेतस्थळावर टाकला की कुठे, किती रुग्ण, कोणती मात्रा हे सगळं दिसतं. मराठीतलं संमतीपत्र, एथिक्स कमिटीचं नाव, इजा झाली तर भरपाईचं कलम. तपासाधीन औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. आणि 'कॅन्सर बरा करतो' अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पत्रक जपून ठेवा, ठाण्याच्या एफडीए कार्यालयात तक्रार करता येते.

---

सोनकी

शेवटचं. एर्लोटिनिबवर पपनस चालेल? अंगणातल्या झाडाला लगडलीयत.

---

मिलिग्रॅम

नको. ग्रेपफ्रूटचं भावंड आहे, औषध मोडणारी तीच यंत्रणा अडवतं आणि परिणाम दोन-तीन दिवस राहतो. संत्रं चालेल. पपनसं शेजारी वाटून टाका, त्यांना आधी गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारून.